लटारूभाऊंची दिवाळी ते होळी

लटारूभाऊ रस्त्याच्या मधून कधी चालले नाहीत. जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर तर नाहीच, पण चंद्रपूरच्या डांबरी रस्त्यावरसुद्धा ते कडेकडेने, मान खाली घालून चालत. मधली धूळ जनावरांच्या पावलांसाठी सोडायची, तिच्यावर आपला बूट उमटवायचा नाही, ही वनरक्षकाच्या नोकरीत लागलेली सवय. रेंज ऑफिसच्या व्हरांड्यात शिरण्याआधी ते पायरीशी थांबत, फरशीवरची धूळ बघत आणि मला आतल्या बातम्या बाहेरूनच सांगत. साहेब अजून आले नाहीत, गार्डांवरचा राऊंडर आला पण घाईत आला, तुम्ही आज नवीन चप्पल घातली. मी हसलो की म्हणत, "खालते पाहा बाबू, खालते. वरते पाहून कोणाले काई भेटलं?"

मी त्या ऑफिसात बाबू होतो. हनीफ माझं नाव. चंद्रपुरात आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, मी मात्र वनखात्यात चिकटलो. रेंज मोहर्लीच्या वाटेवरची. तिचं नाव सांगत नाही, कारण या हकिगतीतली एक-दोन माणसं अजून पेन्शन खात आहेत. काळ नव्वदच्या दशकाच्या मध्याचा. ते ऑफिस मला आठवतं ते तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेल्या कोपऱ्यांसाठी. तेव्हा त्या कोपऱ्यांची किळस यायची, माणसांची येत नसे. ती नंतर आली, आणि आली ती गेलीच नाही.

वाघांची मोजणी तेव्हा पंजाच्या ठशांवरून व्हायची. उन्हाळ्यात गार्डांनी धुळीत डाव्या मागच्या पंजाचा ठसा शोधायचा, त्यावर काच धरायची, काचेवर स्केचपेनने कडा गिरवायची आणि ते चित्र कागदावर उतरवून ऑफिसात द्यायचं. बाकीचे गार्ड एका ठशासाठी दिवस घालवत. लटारूभाऊ काच टेकवण्याआधीच सांगत की मादी आहे, काल दिवस बुडताना गेली, अन् तिला घाई नव्हती. त्यांच्या बीटात, म्हणजे त्यांना नेमून दिलेल्या जंगलाच्या पट्ट्यात, एक वाघीण होती, जिच्या डाव्या मागच्या पायाचं एक बोट आतल्या अंगाला वळलेलं होतं. तिला ते वाकडी म्हणत. तिच्याबद्दल बोलताना नव्या माणसाला वाटावं, घरातल्या एखाद्या हट्टी पोरीची तक्रार चालली आहे. "पंजा खोटं सांगत नाई," ते म्हणत, "खोटं आपण लिवतो."

स्वतः लिहायला त्यांना वेळ लागे. अक्षर मोठं, एकेक सुटं. सही मात्र ते कायम पूर्ण करत: लटारू बकाराम खोब्रागडे. पगारपत्रकाच्या चिंचोळ्या रकान्यात ती मावत नसे, बकारामचा शेवट खालच्या गार्डच्या रकान्यात उतरायचा. मी एकदा वैतागून म्हणालो की भाऊ, एल. बी. करा ना. त्यांनी पेन खाली ठेवलं. "माह्या बापानं जिंदगीभर अंगठा लावला बाबू. मले सही भेटली, तं अर्धी काऊन करू?" त्यानंतर मी त्यांच्यापुरता रकाना रुंद आखू लागलो.

त्या वर्षी दिवाळी होऊन दीड-दोन महिने झाले होते. थंडीचे दिवस. दुपारी लटारूभाऊ ऑफिसात आले आणि व्हरांड्याच्या मधून चालत आले. पायरीशी थांबले नाहीत, खाली बघितलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि वाचा म्हणाले.

आमच्याकडे रानडुकरांपासून पीक वाचवायला लोक विजेच्या लाइनीवर आकडा टाकतात आणि बांधालगत उघडी तार पसरतात. करंट लावणं म्हणतात त्याला. डुक्कर मरतं, कधी शेजाऱ्याचा बैल मरतो, कधी शेजारीच. त्या वेळी वाकडी मेली होती. ज्याच्या बांधावर मेली तो गावातला बडा माणूस, आमच्या रेंजरसाहेबांच्या जेवणावळी त्याच्याच शेतात होत. तिला नाल्याकाठी उंबराखाली पुरून टाकलं होतं, आणि लटारूभाऊंनी नवी माती बघून उकरलं होतं. तिला पुरल्याचं आणि तारेचं त्या कागदावर होतं. शेवटाकडे आणखी एक ओळ होती. पुरलेल्या जागेभोवती बुटांचे ठसे आहेत, ते आपल्या खात्याच्या बुटांचे आहेत.

मी कागद साहेबांकडे नेला. साहेबांनी तो दोनदा वाचला, परत माझ्या हातात दिला आणि म्हणाले की आवक रजिस्टरला चढवू नकोस, ड्रॉवरमध्ये ठेव, आणि हे दोघांतच राहू दे. मग माझ्या बायकोची तब्येत विचारली. तिला सातवा महिना होता. धानोऱ्याच्या पुढे एक जागा रिकामी आहे, तिकडे दवाखाना मात्र लांब पडतो, असं ते सहज बोलल्यासारखं बोलले. मी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

लटारूभाऊ रोज येत. एकच प्रश्न विचारत, कागद वर गेला का. मी पहिल्याच दिवशी गेला म्हणून सांगितलं. ते जावक नंबर विचारू लागले. मी म्हणायचो उद्या बघतो. हे पाच-सहा आठवडे चाललं. त्यांनी घरी काही सांगितलं नव्हतं. ऑफिसची गोष्ट ऑफिसात, असा त्यांचा नियम होता. मग त्यांनी विचारणं सोडलं. मग बीटात जाणं सोडलं. होळीला तीन आठवडे असतील, त्यांची बायको सुमनबाई माझ्या घरी आली आणि म्हणाली की हे बोलत नाहीत, जेवत नाहीत, भिंतीकडे तोंड करून बसतात, घास तोंडात दिला तर तो तसाच तोंडात राहतो.

मी गेलो तेव्हा ते तसेच बसले होते. ओठ पांढरे पडलेले. हात वर उचलला तर वरच राहायचा. शेजारपाजाऱ्यांनी करणी ठरवून टाकली होती आणि कोणत्या बाबाकडे न्यायचं यावर भांडत होते. सुमनबाई चार बुकं शिकलेली नव्हती, पण ती त्या सगळ्यांना पुरून उरली. "आमी बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत जी," तिने सांगितलं, "अंगारा-धुपारा माह्या घरात येणार नाई. बाबू, तुमी मोठ्या डॉक्टरकडे चाला."

चंद्रपुरात तेव्हा मनाच्या आजाराच्या एक डॉक्टरबाई एका खासगी दवाखान्यात बसत. जाड भिंगाचा चष्मा, बोलणं तुटक. त्यांनी तपासलं आणि सांगितलं की हा उदासीनतेचा फार पुढे गेलेला आजार आहे, पाणीही पोटात जात नाही, गोळ्यांचा गुण यायला आठवडे लागतील आणि यांच्याजवळ आठवडे नाहीत. शॉक द्यावे लागतील. आमच्या भागात करंट म्हणजे मेलेलं डुक्कर. सुमनबाईने विचारलं की करंट देऊन माणूस वाचतो कसा.

डॉक्टरबाईंनी तिला खुर्चीत बसवलं आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा सावकाश समजावलं. करंट हे औषध नाही. तो काही सेकंदांचाच असतो. त्याने मेंदूत फिट येते तसा झटका आणायचा, तो झटका हे औषध. माणूस भूल देऊन झोपवलेला असतो, त्याला काही कळत नाही. झटक्याने मेंदूतली रसायनं हलतात, ठप्प झालेले भाग पुन्हा एकमेकांशी बोलू लागतात, एवढं दिसतं; नेमकं कसं ते अजून कुणालाच पुरतं माहीत नाही. आणि याची किंमत असते, त्या म्हणाल्या. आठवणी जिथे पक्क्या होतात तो मेंदूचा भाग काही काळ गोंधळतो. जुनं जात नाही, हातापायांना सवयीचं झालेलं जात नाही. पण आजाराच्या आधीचे काही महिने आणि आजाराचे दिवस पुसले जाऊ शकतात. काही परत येतं, काही कायमचं जातं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. आजाराच्या आधी काही घडलं होतं का, ऑफिसात काही, असं त्यांनी विचारलं. सुमनबाई माझ्याकडे बघत होती. मी नाही म्हणालो.

डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतलं. माझं ते नाही त्यांच्या फाइलमध्ये निळ्या शाईत गेलं. पेन ठेवताना त्या म्हणाल्या, "बरे झाल्यावर ते तुम्हाला विचारतील, मधल्या काळात काय झालं. तुम्ही जे सांगाल तेच त्या जागी बसेल. म्हणून खरं सांगा."

पहिल्या शॉकच्या वेळी दार अर्धवट उघडं राहिलं होतं आणि मी बघितलं. हाताच्या शिरेत सुई दिली, ते झोपले. मग अंग सैल पडण्याची दुसरी सुई. ती देण्याआधी सिस्टरने त्यांच्या उजव्या घोट्याला ब्लडप्रेशरचा पट्टा आवळून बांधला होता, म्हणजे ते औषध तेवढ्या पावलात उतरणार नाही आणि झटका आला की नाही ते पावलावरून कळेल. दातांत रबर, कानशिलांना दोन गोल चकत्या. बटण दाबलं. मी डोळे मिटायच्या बेतात होतो, पण बघण्यासारखं काही झालंच नाही. सगळं अंग निपचित. फक्त ते उजवं पाऊल. त्याची बोटं फाकली आणि थडथडत राहिली. सिस्टर घड्याळ बघत होती. मीही सवयीने सेकंद मोजले, चाळीसपर्यंत गेलो. जन्मभर दुसऱ्यांचे पंजे वाचलेल्या माणसाचं ते पाऊल मी बघत होतो आणि मला वाचता येत नव्हतं.

एकूण सात शॉक झाले, एक दिवसाआड. तिसऱ्याच्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडून सुमनबाईला भूक लागली म्हणून सांगितलं. कितीतरी दिवसांतला पहिला शब्द. भूल द्यायची म्हणून पोट रिकामं ठेवायचं, हे सिस्टरने तिला दहा वेळा बजावलं होतं. पण नवरा भूक म्हणाला आणि तिचं सगळं भान गेलं. शेजारच्या पेशंटच्या डब्यातला फोडणीचा भात मागून तिने त्यांना भरवला, आणि मग पदर तोंडाला लावून कोपऱ्यात बसली. सिस्टर खूप ओरडली. डॉक्टरबाई आल्या, त्यांनी लटारूभाऊंच्या मिशीवरचं शीत बघितलं आणि आजचा शॉक रद्द केला. जाताना सुमनबाईला म्हणाल्या की उद्या भरवू नका, आज मात्र अजून थोडा भरवा. त्या सबंध प्रकरणात नीट वागलेली माणसं मला तेवढीच आठवतात.

सातव्या शॉकनंतर ते खिडकीशी बसले होते. बाहेर पळस लालभडक झाला होता. त्यांनी मला विचारलं, "पळस फुलला कधी?" मी म्हणालो की होळी आली भाऊ. त्यांना ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गेलेलं आठवत होतं, पोरासाठी घेतलेली निळी टोपी आठवत होती, दिवाळीत बीटात फिरलेलं आठवत होतं. त्यापुढे हा पळस. मधलं काही नाही. मग त्यांनी ते आपल्या पद्धतीनं मांडलं. "पाणी पडते ना जी, तं धुळीतले ठसे जाते. पायवाट नाई जात. माही पायवाट राह्यली, ठसे गेले." त्या दिवसापासून त्या काळाला त्यांनी नाव दिलं, दिवाळी ते होळी.

मी साहेबांना जाऊन सांगितलं. तो माणूस खरंच हसला. खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "देवानंच सोय केली, हनीफ." मला मळमळलं. मळमळलं, आणि मी ड्रॉवर उघडला, तो कागद घेतला, ऑफिसमागे जुन्या फाइली जाळायच्या खड्ड्याशी गेलो आणि काडी लावली. मळमळण्याचा आणि हातांचा काही संबंध नसतो, हे मला त्या दिवशी समजलं.

लटारूभाऊ कामावर रुजू झाले. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तसंच होतं. ठसे तस्सेच वाचत होते, जेवत होते, सुमनबाईला चिडवत होते. ज्या उपचाराने हा माणूस मरणाच्या दारातून परत आला, त्याच उपचाराचं आमच्या ऑफिसने हसू केलं. त्यांचं नाव करंट पडलं. चौकीदार त्यांच्या हातून पाणी घेताना शॉक बसल्यासारखा हात झटकायचा. एकदा राऊंडरने इलेक्ट्रिशियनचा टेस्टर आणून त्यांच्या कपाळाला लावला, बल्ब लागतो का बघू म्हणाला. सगळे खो खो हसले. लटारूभाऊही हसले, कारण बाकीचे हसत होते. मीही हसलो.

याहून घाण प्रकार पुढचा. हा माणूस दिवाळी ते होळी विसरला आहे, हे पसरल्यावर लोकांनी त्या भोकात हात घालायला सुरुवात केली. राऊंडर म्हणाला, तुझी बॅटरी तूच मला दिली होती, आठवत नाही का. त्यांनी दिली. त्यांचा साळा म्हणाला, तुम्ही तुमच्या पोरीला शाळेतून काढतो म्हणाले होते. ते रात्रभर विचार करत बसले आणि सकाळी म्हणाले, असं मी म्हणणार नाही, पण म्हटलं असेल तर परत घेतो. चौकीदाराने सांगितलं की तुम्ही लग्नाच्या वरातीत दारू पिऊन नाचले होते. ज्याने आयुष्यात थेंब घेतला नव्हता तो माणूस त्या लग्नघरी जाऊन माफी मागून आला. त्यांची रीत अशी, की सांगणारा खोटं का सांगेल. मला त्या लोकांच्या जवळ बसून डबा खाववेना.

मग मे महिन्यात मोजणी आली. वरून विचारणा नको म्हणून साहेबांना आकडा मागच्या वर्षाएवढाच हवा होता. त्यांनी माझ्याकडून फाइलमधलं वाकडीचं जुनं चित्र मागून घेतलं, त्यावर नवीन वर्ष घालून लटारूभाऊंपुढे ठेवलं आणि सांगितलं की आजारी पडण्याआधी तूच हे काढलं होतंस. ते चित्राकडे खूप वेळ बघत राहिले. हातचं काम त्यांचंच होतं, तेवढं त्यांना कळत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टरात तोंड घातलं. त्यांनी सही केली, लटारू बकाराम खोब्रागडे, पूर्ण.

आणि त्यानंतर ते वाकडीला शोधू लागले. कागदावर आहे, मग धुळीत का नाही, हे त्यांना सुटेना. सुट्टीच्या दिवशीसुद्धा पहाटे निघत. पाणवठे बघत, जंगलाकडेच्या गावांना विचारत. ऑफिसात आले की पायरीशी थांबून मला सांगत, आजही नाही. एका वाघिणीला, जिची कबर त्यांनी स्वतः उकरली होती, हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत शोधत होता. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मुलगी झाली होती, घर भाड्याचं होतं, साहेब अजून तिथेच होते. कारणं भरपूर होती आणि सगळी खरी होती. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर त्यांनी वाकडीचं नाव काढणं अचानक बंद केलं. मला सुटल्यासारखं वाटलं. वर्षभराने मी राजुऱ्याला बदली मागून घेतली.

नऊ वर्षं मी तिकडे राहिलो. साहेब मानाने निवृत्त झाले. दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी कुणीतरी सांगितलं की लटारूभाऊ घरी पडून आहेत, फुप्फुसं गेली आहेत, फार दिवस नाहीत. मी जाणार नव्हतो. बायको म्हणाली की दवाखान्यात तुम्ही त्यांच्या उशाशी होतात, आता जा. ती मला भला माणूस समजत होती.

अंगणात बाजेवर होते. पाय तेवढे ओळखू आले. त्यांचा मुलगा मोहर्लीला टुरिस्टांची जिप्सी चालवू लागला होता, घर पक्कं झालं होतं. सुमनबाईने मला खुर्ची दिली आणि चहा ठेवायला आत गेली. लटारूभाऊंनी माझ्या चपलांकडे बघितलं आणि दम लागत लागत म्हणाले की बाबूची चप्पल आता बाहेरून झिजते, गुडघा दुखत असंन. मी हो म्हणालो. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग ते म्हणाले, "दिवाळी ते होळीचं मले सगळ्यायनं काई ना काई सांगतलं बाबू. तुमी एकटेच कधी बोलले नाई."

मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"नाल्याकडे, उंबराजवळ गेलो का माहे पाय थांबत. डोक्याले काई आठवे नाई, पण पाय पुढं जाये नाई. दोन साल मी ते जागा टाळून फिरलो. मंग एक दिवस उकरलो."

त्यांना खोकला आला. मी पाणी दिलं. वाकडीची हाडं होती तिथे, ते म्हणाले, वळलेल्या बोटाचं हाडसुद्धा. तारेचा तुकडा होता. त्यांनी ती माती परत लोटली आणि कुणाला सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, असं मी विचारलं. विचारायचा हक्क नसताना विचारलं.

ते माझ्याकडे बघत नव्हते, अंगणाच्या धुळीकडे बघत होते. "मले वाटे, मीच पुरली तिले. नाई तं माह्या पायाले ते जागा कशी मालूम? अन् मोजणीच्या कागदावर सही तं माहीच होती. मी विकला गेलो असंन. पैसे खाल्ले असंन, अन् त्याच्यानंच डोकं गेलं असंन. नऊ-दहा साल हेच घोकून राह्यलो जी."

तेव्हा मी सांगितलं. कागदाचं, ड्रॉवरचं, साहेबांचं, रोज विचारायला यायचे त्याचं, काडी लावल्याचं. आवाज न चढवता, न रडता सांगितलं, रजिस्टर वाचून दाखवावं तसं. मी थांबल्यावर ते म्हणाले, "काय लिवलं होतं मी? सांगा."

कागद जाळला होता, पण शब्द जळले नव्हते. मी म्हणून दाखवलं. माझ्या बीटात फिरत असता नाल्याच्या काठी उंबराच्या झाडाखाली माती नवीन दिसली म्हणून उकरून पाहिली. आत मादी वाघ पुरलेली आहे. डाव्या मागच्या पायावरून मी तिला ओळखतो. जवळ बांबूच्या खुंट्या व तार आहे. बुटांचे ठसे आपल्या खात्याच्या बुटांचे आहेत. ते कोणाचे आहेत हे मी ओळखू शकतो, मला विचारावे.

ते दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट ऐकावी तसे ऐकत होते. शेवटच्या ओळीला त्यांचा चेहरा हलला.

"सही केली होती?"

"केली होती."

"पूर्ण?"

"पूर्ण. बकारामसकट."

त्यांनी मान मागे टेकली. "मंग झालं," ते म्हणाले.

बाजेवरच्या त्या माणसाच्या अंगातून काहीतरी निघून गेलेलं मी बघितलं, आणि ते काढायला मला सहा ओळी लागल्या होत्या. मी त्यांना विचारलं की मी काहीतरी लपवतो हे तुम्हाला कळत होतं, तर इतक्या वर्षांत मला विचारलं का नाही.

"तुमी सांगान म्हणून वाट पाहून राह्यलो होतो," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. पायरीशी थांबून साहेब आले नाहीत वाटते म्हणायचे, त्याच सुरात म्हणाले.

पंधरा दिवसांनी ते गेले. लोक मला विचारतात की त्या शॉकची तुला भीती नाही का वाटली, माणसाच्या डोक्यात करंट सोडतात ते बघून शिसारी नाही का आली. नाही आली. त्या करंटने फक्त चार महिने नेले, आणि बदल्यात माणूस परत दिला. त्या चार महिन्यांच्या जागी चोर असल्याची शंका ठेवली ती आम्ही, आणि ती काढता येत असताना मी नऊ-दहा वर्षं काढली नाही.

त्या दिवशी त्यांनी मला माफ केलं नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत. सुमनबाई कपबशी घेऊन बाहेर आली. तिने काही ऐकलं नव्हतं. लटारूभाऊ तिला म्हणाले की बाबू लांबून आले, साखर जास्त टाकली ना. मग मला म्हणाले, "घ्या, चहा घ्या बाबू." आणि मी तो चहा घेतला. बशीत ओतून, फुंकर मारून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.